झाकण

यादीत ह्या लॅपटॉपपुढे लिहिलंय : चालतं.
कोणी पाहिलं, कशावर, काही नाही.
नुसतं चालतं. छातीठोक.

उद्या नवी आवृत्ती सुटायची आहे.
मी रुवीत, परकारांच्या टायपिंग सेंटरात,
शटर अर्धं ओढलेलं,
बाहेर रात्री अकराला छत्तीस अंश.
व्हिसाचे अर्ज भरून भरून
कीबोर्डवरचा अलिफ पुसून गेलाय.

वायफाय लागलं.
आवाज आला, जरा घोगरा.
प्रिंटरने अरबी उजवीकडूनच छापली.
"झालं ना? चहा घे," परकार म्हणाले.

राहिलं होतं झाकण.
मिटलं. दहा आकडे मोजले. उघडलं.
पंखा फिरतोय, पडदा काळा,
आणि काळ्यात मी.

जुन्या नोंदी उकरल्या तेव्हा दिसलं,
तीन वर्षांपूर्वीचं ते 'चालतं'
माझ्याच नावावर आहे.
तेव्हा इथे आलोच नव्हतो.
तसलंच दुसरं यंत्र चाललं होतं,
म्हणून हेही चालेल.

खोडलं. लिहिलं :
मिटल्यावर जागं होत नाही.
रुवी, मस्कत. दोनदा पाहिलं.
आवृत्ती थांबवा.

परकार कप विसळत होते.
"अरे, ते मिटायचं नसतंच," म्हणाले,
"तीन वर्षं
मी उघडंच ठेवतो."