मचूळ

गूल गावाशी ऊझ नदी चहासारखी वाहते,
दूध जास्त झालेल्या, निवून गेलेल्या चहासारखी.
तिथल्या धक्क्याला माझं एक यंत्र बांधलंय.
आणि हलच्या ऑफिसात, तिसऱ्या मजल्यावर,
माझी दुसरी नदी आहे :
चाळीस हजार त्रिकोणांची.

ती मी सकाळी नऊला चालू करते.
समुद्राकडून भरती सोडते,
वरून गोडं पाणी, शेतांतून उतरलेलं नायट्रेट,
डबा उघडेपर्यंत अख्खा महिना वाहून गेलेला असतो.
इतकी आज्ञाधारक, की कधी कधी भीती वाटते.

ऑगस्टचा आकडा जुळेना.
मी म्हणत होते, तळाशी प्राणवायू लिटरला चार मिलिग्रॅम.
यंत्र म्हणत होतं, दीड.
जिवाणूंचा वेग वाढवला. ऊन वाढवलं.
वाऱ्यावरही ढकलून पाहिलं.

हेडली स्टॅनिफोर्थ, ज्याच्या होडीतून मी नमुने आणते,
बाटलीला बूच लावता लावता बोलला :
उधाणाच्या आठवड्यात वामी पायऱ्यांशी येतात,
तोंडं वर करून पडून राहतात.
आई म्हणायची, नदी चिखल चावतेय.
असं काहीतरी.
त्याचं यॉर्कशायरी मला निम्मंच कळतं,
उरलेलं मी भरून काढते,
दोन मोजण्यांमधलं पाणी भरून काढते तसं.

माझ्या त्रिकोणांत गाळ एकदा बसला की बसला,
गुणी मुलासारखा.
उधाण त्याला उठवतं, ढवळतं,
अर्धवट कुजलेलं पान न् पान
पुन्हा श्वास मागू लागतं,
हे मी लिहिलंच नव्हतं.

एक समीकरण घातलं. रात्रभर चालवलं.
सकाळी रेघ ठिपक्यांवरून गेली, जवळजवळ सगळ्या.
रोवेना म्हणाली, छान. अहवालात घाल.

अहवालात चिखल चावत नाही.
तिथे क्षारता आहे, शून्य ते पस्तीस, जीभ नाही.
मचूळ म्हणायची सोय नाही.
हेडली बोट बुडवतो, चाटतो,
भरती कुठवर आली ते सांगतो.
हे पाणी? मी विचारलं.
साठ वर्षं, तो म्हणाला, आणि थुंकला.

आज भांगाची भरती. पाणी सुस्त.
मॉडेलच्या मते सव्वीस तारखेपर्यंत काळजी नाही.
जेवणाच्या सुट्टीत गाडी काढून
पायऱ्यांशी जाऊन आले.

एक होती.