तां

पुण्याला मराठी शिकले दोन वर्षं.
बाईंनी फळ्यावर तीन रकाने आखले होते,
तो, ती, ते.
माझ्या भाषेत असलं काही नाही.
वांडो बेटावर समुद्र नुसता समुद्र,
होडी नुसती होडी.
इथे आधी प्रत्येक वस्तूला विचारावं लागतं, तू कोण?
वाळू ती. दगड तो. मीठ ते.
नाक दाबून काढा प्यावा तसं पाठ केलं
आणि वेंगुर्ल्याला आले.

मच्छीमार सोसायटीच्या माडीवर माझा वर्ग.
खाली बर्फ फोडतात, वर मी क्रियापदं.
सतरा मुलगे, चार मुली,
सगळ्यांना माझ्या देशात जहाजं जोडायला जायचंय.
विराज मोर्जे कोरियन बोलतो तेही मालवणी हेलात,
प्रश्नाच्या शेवटी एक लाट चढवतो.
मार्क कापतील रे, मी सांगते,
आणि घरी जाताना तीच लाट
माझ्याच तोंडात येऊन बसलेली असते.
ग्रेसी डिसोझाने विचारलं, तिथे थंडी म्हणजे किती?
मी खालून बर्फाचा खडा मागवला.
तिने तो मुठीत धरला, पाणी कोपरापर्यंत आलं,
म्हणाली, इतकीच?
मी पुस्तकाचं पान उलटलं.

घरमालकीण प्रयागाकाकी गिरप.
घरात ती, एक मांजर, आणि भिंतीवर 'हे'.
'हे' म्हणजे कोण, ते कळायला मला सहा महिने लागले.
एक गोष्ट मात्र डाचायची.
शेजारीण कुंपणावरून विचारी,
"इलां काय गो?"
काकी म्हणे, "इलां. जेवूक नाय अजून तां."
तां. म्हणजे ते.
तिसरा रकाना. मीठ, जहाज, कुलूप.
पोस्टमास्तर मला 'त्या' म्हणतात,
बांगडेवाली 'ती मॅडम' म्हणते,
आणि जिथे उशी टेकते तिथे मी
भाड्याने आलेलं सामान.
वहीत लिहून ठेवलं : व्याकरणाची चूक. सांगावी का?
सांगितली नाही.
भाडं दोन दिवस आधीच दिलं.

मार्चमध्ये माझा वाढदिवस.
आमच्यात त्या दिवशी समुद्राच्या पाल्याचं सार पितात,
आपल्या वेळी आईने बाळंतपणात प्यालेलं.
ओहोटीला खडकांवर गेले,
टोपलीभर पाला खरवडून आणला
आणि काकीच्या दोरीवर, तिच्या साड्यांशेजारी वाळत घातला.
आळीतली माणसं एकेक करून बघून गेली.
काकीने घोट घेतला,
बराच वेळ तोंडात धरला.
"मीठ कमी," म्हणाली,
आणि वाटी पुन्हा पुढे केली.

त्याच दुपारी तिची मुलगी आली, जयवंती,
कुडाळला दिलेली, चाळिशी उलटलेली,
चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली.
पायऱ्यांवर चपला काढतेय तोच काकी आतून,
"इलां गो माझां चेडू! उनातसून इलां. पाणी दी तेका."
तेका.
मी तांब्या घेऊन उभी.
मग गोव्याच्या सुनेचा विषय निघाला. ती 'ती'.
शेजारणीची कागाळी झाली. तीही 'ती'.
जयवंती पाणी प्याली, पदराने मान पुसली,
न्हाणीघरात गेली,
आणि काकी मला म्हणाली,
"दमलां तां."
मी काकीकडे बघत राहिले.
मांजर माझ्या पायावर सांडलेलं पाणी चाटत होतं.
पुण्याच्या बाईंनी हे शिकवलंच नव्हतं.

रात्री आईला फोन लावला.
सांगायला गेले तर सांगताच येईना,
आमच्याकडे त्याला रकानाच नाही.
आई म्हणाली, ते राहू दे, जेवलीस का?
हो, म्हटलं. सार थोडं अळणी झालं होतं.

खाली काकी मागच्या दाराला आडणा लावत होती.
कुंपणापलीकडून कुणीतरी काही विचारलं.
"लावतंय गो," ती म्हणाली.
"भायर कोण नाय आता. तां भितरच आसा."