चार-दोनची राखण

भांडुपला, टेंभीपाड्यात, चौथ्या मजल्यावर
पंख्याचा रेग्युलेटर तीनवर अडकलाय.
तो मी दुरुस्त करत नाही.
रात्री साडेअकराला उघडतो चार-दोनची शाखा.

मुख्य शाखेवर सगळे आहेत.
नवी नावं, भिंती पाडून केलेला मोठा हॉल,
तिकडे रोज कुणी ना कुणी नारळ फोडतं.
इकडे मी,
आणि त्यांच्या ढिगातून वेचलेल्या सात ओळी.
जुन्या घरात बसतात का, बघायचंय.

बसत नाहीत.
त्यांनी ज्या दाराची बिजागरी बदलली
ते दारच इकडे नाही.
मग दुरुस्तीचं मर्म तेवढं उचलायचं,
धागा जुन्याच कापडातला काढायचा
आणि टाका असा घालायचा, की
चंदगडच्या लॅबमध्ये सकाळी रक्ताचे आकडे वाचणाऱ्या
प्रेमला गावडेंना कळूही नये
रात्री इथे कुणी बसलं होतं.

गोराईच्या बावतीसने ही शाखा माझ्या हाती दिली
तेव्हा तीन गोष्टी सांगितल्या.
नवं काही घ्यायचं नाही.
कितीही गोड असलं, तरी नाही.
आणि चूक जुनी असेल, तर आधी बघ
तिला टेकून कोण उभं आहे.
चौथी सांगणार होता, तेवढ्यात त्याची बोट लागली.

तिसरीवर मी हसलो होतो.

मग सतरावी आवृत्ती.
आकड्याच्या आधी एक रिकामी जागा होती,
कुणाच्याच कामाची नसलेली. मी ती पुसली.
चाचण्या सगळ्या हिरव्या. मी झोपलो.
सकाळी सहाला प्रेमलाबाईंचं पत्र:
सर, आज सगळ्या गावाचं हिमोग्लोबिन
एकशे वीसच्या आसपास आहे.

त्या रिकाम्या जागेपासून घरं मोजत
कुणीतरी, बारा वर्षांपूर्वी,
दशांशचिन्ह कुठे ठेवायचं ते ठरवलं होतं.

अठरावी आवृत्ती पावणेसातला काढली.
नोंदीत लिहिलं: रिकामी जागा परत ठेवली. माफ करा.
नोंदीत माफी मागायची पद्धत नाही.
राहू दिली.

बाबा महापालिकेत चावीवाले होते.
खांद्यावर पुरुषभर उंचीची लोखंडी चावी,
पहाटे चारला गल्लीच्या तोंडाशी झाकण उचलून
आटे मोजत व्हॉल्व्ह फिरवायचे.
एकदा मीही गेलो होतो बरोबर, सातवीत असताना.
म्हटलं, एका दमात का नाही उघडत?
म्हणाले, पाइप म्हातारा आहे. दचकतो.
पाणी आलं, म्हणून कुणी हाक मारल्याचं आठवत नाही.
नाही आलं, की मात्र
अख्ख्या चाळीला त्यांचं नाव पाठ.

परवा एका मुलाने चाळीस ओळी पाठवल्या.
सुंदर होत्या. खरंच सुंदर.
मी लिहिलं: मुख्य शाखेवर दे, इथे नको.
त्याने विचारलं, मग इथे करता तरी काय तुम्ही?
उत्तर अजून दिलेलं नाही.

मार्चअखेर चार-दोनचा आधार संपतो.
घोषणा मलाच लिहायची आहे.
मसुदा तीन आठवडे तसाच पडलाय,
पहिलं वाक्य चांगलं झालंय, दुसरं होत नाही.
प्रेमलाबाई लिहितात, मशीन चालतंय अजून,
नवं यंदाच्या मंजुरीत नाही.
त्यांनी काहीच मागितलेलं नाही.

मी मार्च खोडून जून करतो.
मग जून खोडून मार्च.
बावतीसला विचारतो, ती चौथी गोष्ट काय होती रे?
दीड वाजता त्याचं उत्तर येतं:
विसरलो. बोंबील वाळत घातलेत, कधी येतोस?

जून करतो.
एकोणिसावी बांधायला लावतो. एका ओळीचा फरक.
बारा मिनिटं लागतात,
तेवढ्यात चहा होतो, थोडा उतूही जातो.