मनामा, दातांचा दवाखाना

कवळीच्या टाळूवर पाच ठिपके चिकटवलेले,
ओठांतून केसाएवढ्या तारा.
पाणी गिळलं;
पडद्यावर डोंगर उठला.

मग यादी. अरबी शब्द,
तीस वर्षं टगबोटीवर मोडकेतोडके वापरलेले.
जीभ टाळूला जेमतेम टेकायची.

"चाचा, आता घरचं काही बोला."
घरचं?
नारळ म्हणालो. हळद. केळशी.
बिन्सी हसली. हा ळ त्यांच्या त्रिचूरलाही आहे.

आणि मग, कुणी विचारलं नसताना,
मुद्दस्सर.
गेल्या रमजानपासून फोनवर
घरातलं कुणी घेत नाही ते नाव.
ळ नाही त्यात,
तरी रेघ वरच्या काठाला लागली.

"बोलताना एवढा दाब येत नाही, चाचा.
हे गिळल्याचं आहे."
तिने ती ओळ खोडली,
पुन्हा घ्यायला सांगितली.

मी पाणी मागितलं.