ऊती

सिव्हिलच्या तळमजल्यावर मेणाच्या ठोकळ्यातून
मी कापते कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप.
परवाच्या बाटलीवर नाव होतं:
राजमल्लू कोंडा, ६१, साखर पेठ.

आज दारात तोच.
"बाई, कसलं खातं हे?"
हिस्टॉलॉजी, म्हटलं,
आणि त्याच्या भुवईत अडकलेला सुताचा तंतू बघून
परीक्षेत कुणी न विचारलेलंही सांगून टाकलं:
हिस्टोस म्हणजे ग्रीकांचा माग.
टिश्यू म्हणजे विणलेलं.
आणि आपल्या पुस्तकातली ऊती,
तीही विणण्याच्याच धातूची.

"मंग आमचंच खातं की हे!"
चाळीस वर्षं पॉवरलूमवर,
म्हणून तो सगळंच मोठ्यानं बोलतो.
"डाक्टर म्हणतेत गाठ हाय.
गाठी मी मारल्या, ताणा तुटला की,
दिवसाला शंभर.
चादरीवर हात फिरवा, बोटाला लागायची नाही.
ही कुणी मारली?"

कॅन्सर म्हणजे खेकडा, कर्क म्हणजेही खेकडाच.
एवढं एक मी सांगितलं नाही.

बघू का, म्हणाला. नियमात बसत नाही.
बघितलं त्यानं, एक डोळा मिटून,
फणीतून धागा ओवताना मिटतात तसा.
गुलाबी, जांभळं. बराच वेळ.
खिडकीबाहेर कुणीतरी कुणाला तेलुगूत
डबा कुठे ठेवलास विचारत होतं.

"रंग पक्का हाय," तो म्हणाला,
"पण विणणारा नवा दिसतोय.
लई घाई केली त्यानं."

रिपोर्ट उद्या, म्हटलं. अकरानंतर या.