हाताचं माप

विडी घरकुलात, मे महिन्याच्या दुपारी
ड्रिल मशीन खांद्याला लावून मी दारात उभा.
चिंचवडहून मुलाचा फोन आला होता :
"आईच्या न्हाणीत दांडी बसवा, स्टीलची, चांगली.
पैसे लगेच टाकतो.
आणि सांगा तिला, रात्री एकटीनं उठायचं नाही."
दांडी बसवतो, म्हटलं.
निरोप तुमचा तुम्ही सांगा.

बालमणी इराबत्ती. वय विचारलं तर म्हणाली,
"मिलचा शेवटचा भोंगा झाला
तेव्हा मला नात झालेली. धर की हिशेब."
डावं अंग गेल्या दिवाळीपासून तिचं ऐकत नाही.
उजव्या हाताची बोटं मात्र बोलता बोलता
हवेतच पान वळतात, दोरा गुंडाळतात,
पंचवीस झाल्या की थांबतात.

मी टेप काढली. बत्तीस इंच.
सगळीकडे बत्तीसच लावतो,
दवाखान्यात, मंगल कार्यालयात, बँकेच्या पायरीला.
ती हसली.
"चाळीस वर्षं पत्र्याच्या फर्म्यावर पानं कापली, बे.
दुसऱ्याचं माप आता पुरे झालं.
भिंत बघ."

भिंतीवर हात होते.
ज्वारीच्या पिठाचे, पांढरे,
खाटेपासून न्हाणीपर्यंत.
काल रात्री पिठात हात बुडवून
ती तीनदा गेली होती, तीनदा आली होती,
दिवा न लावता,
ओकटि, रेंडु, मूडु मोजत.
"अंधारात हात जिथं जातो तिथं दांडी पाहिजे.
तू उजेडात मोजलालास."

सव्वीस इंच. पुढे चोवीस.
न्हाणीच्या तोंडाशी एकदम तीस,
कारण तिथं ती स्वतःला वर ओढते.
आणि एक हात भलतीकडेच,
पिंपाच्या मागं, खिडकीखाली,
जिथून कुठं जाता येत नाही.
"हा चुकून पडला का?"
"तिथं मी दम खाते.
तिथून समोरच्या घरातला दिवा दिसतो."

मी भोकं पाडली, हातांवरच.
पीठ आणि सिमेंट एकत्र उडालं, नाकात गेलं.
दांडी झाली तिरकी,
खालीवर, बैलगाडीच्या रस्त्यासारखी.
आमच्या धंद्यात अशी दांडी म्हणजे नालस्ती.
खिडकीखाली वीतभर तुकडा वेगळा बसवला.
त्याचे पैसे लावले नाहीत.

मग नळ खाली घेतला.
पाणी चौथ्या दिवशी येतं, कधी पहाटे तीनला,
आणि शेजारीण भरून देते ती घागर
तिला गोड लागत नाही म्हणे.

"आता उंबऱ्याला उतार कर."
मी तिच्या काठीकडे पाहिलं. उंबरा तर ती ओलांडते,
येताना मीच बघितलं.
"माझ्यासाठी नाही.
समोरचा सिद्राम तीन चाकांवर असतो.
तीन वर्षं दारातूनच बोलतो माझ्याशी,
उन्हात, डोक्यावर टॉवेल घेऊन.
पत्ते खेळायचे तर मी ओरडून पान सांगते.
सगळ्या गल्लीला माझा हुकूम कळतो."

उताराचं मटेरियल मुलाच्या हिशेबात नव्हतं.
तिनं डब्यातून नोटा काढल्या,
शेंगाचटणीचा वास असलेल्या.

नंतर चहा.
मी उठलो तर म्हणाली, "बस बे."
बसलो.
काडी तिसऱ्यांदा पेटली.
पातेलं एका हातानं, मग कोपरानं,
साखर सांडली, मुंग्यांचा विचार झाला,
गाळणं कुठं आहे ते तिलाच माहीत.
वीस मिनिटं मी माझे दोन्ही हात
मांडीखाली दाबून धरले होते.
कपात अर्धा चहा, बशीत उरलेला,
गार, आणि साखर फार.
प्यायलो.

मुलाला फोटो पाठवला.
लगेच उत्तर :
दांडी तिरकी का दिसतेय?

एसटी स्टँडपर्यंत आलो,
अजून लिहितोय, पुसतोय.
नखात पीठ आहे.