व्हाउचर

आड्याच्या सड्यावर एकतीस प्लॉट पडले
तेव्हा चुन्याची फक्की मीच ओढली.
कुठल्या प्लॉटवर रात्री गाज ऐकू येते,
कुठे नागाची कात सापडते दरवर्षी,
कुठल्या अंगाला मार्चनंतर पाणी नाही,
सगळं पाठ.
शेवटची दोन सांगायची नाहीत, हेही.

परवाना इक्बालभाई मुकादमांच्या नावावर,
दापोलीच्या ऑफिसात, पंख्याखाली, चौकटीत.
येणारा प्रत्येकजण त्या नंबराचा फोटो काढून नेतो.

कायदा म्हणतो, दलाली परवान्याला.
प्रमाणपत्र नसेल त्यानं
दर सांगू नये, सौदा बोलू नये, हात पुढे करू नये.
मी रत्नागिरीला जाऊन परीक्षा दिली.
चटई क्षेत्राचं गणित चुकलं,
दोन गुणांनी राहिलो.
येताना निवळी फाट्यावर दोन वडे खाल्ले
आणि घरी सांगितलं, सर्व्हर बंद होता.

बारा नंबर पुण्याच्या केसकरांनी घेतला.
चार फेऱ्या. तिसऱ्या फेरीत
बाईंच्या चपलेचा अंगठा तुटला कातळावर.
माझ्या चपला त्यांना दिल्या
आणि भर एप्रिलात अनवाणी
पूर्व कुठली, पश्चिम कुठली, दाखवत राहिलो.

खरेदीखत झालं, केसकरांनी पाकीट काढलं.
म्हटलं, नको, ऑफिसात द्या, चेकनं.
"अहो पण दाखवलं तुम्ही!"
पाकीट जाड होतं. अजून आठवतं.

महिनाअखेरीला इक्बालभाई व्हाउचर लिहितात.
माणूस वाईट नाही. चष्मा कपाळावर चढवून थांबतात,
"काय लिहू रे रोहिदास?"
दलाली लिहिता येत नाही.
मग लिहितात: पेट्रोल.
आकडा बघून, जरा विचार करून,
खाली: शहाळी.
एवढ्या पेट्रोलात माझी स्कूटर
काश्मीर बघून परत आली असती.
मी सही करतो.
पोरीच्या शाळेच्या फॉर्मवर
'वडिलांचा व्यवसाय' अजून कोराच आहे.

काल केसकरांचा फोन.
बोअर तीनशे फूट गेली, नुसती धूळ.
त्यांच्या मोबाइलात मी 'रोहिदास प्लॉटवाले'.
कागदावर मी कुठेच नाही,
ना घेणाऱ्यांत, ना देणाऱ्यांत,
त्यामुळे मला कुणी काही विचारू शकत नाही.
"ऑफिसात बोला," एवढंच म्हणायचं होतं.

"मशीन थांबवा," मी म्हटलं.
"खालच्या अंगाला, करवंदीच्या जाळीपाशी बघू.
येतो मी."

किक मारली.
पेट्रोल तर होतंच.